वकिलाने घेतलेले पान

नुरुद्दीनला वकील नेमल्याची बातमी आली तेव्हा तो अंगणात सुंभ वळत बसला होता. बातमी आणली ती त्याचा मेहुणा हमीद याने, आणि हमीद खारोंडे संस्थानचा दिवाण होता, म्हणून ती खरी मानणे भाग होते.

“मी आणि वकील?” नुरुद्दीन हसला. “मला कायद्याचं एक कलम येत नाही, हमीद.”

“कोर्टातला वकील नव्हे, दुल्हेभाई. संस्थानचा वकील. इंग्रज साहेबापुढे सरकारांच्या वतीनं बोलायचं. मोठ्या मुलखांचे एलची असतात ना, तसं. आपला मुलूख लहान, एवढंच.”

“किती लहान ते तुझ्या आपाला विचार. ती म्हणते, सकाळी सोडलेली कोंबडी दुपारी परमुलखात दाणे टिपत असते.”

आतून नुरुद्दीनच्या बायकोचे, कुलसुमचे, हसू ऐकू आले. हमीदही हसला. त्या दिवशी तिघेही मनापासून हसले, हे नुरुद्दीनला पुढे फार दिवस आठवत राहिले.

खारोंडे म्हणजे खाडीच्या दक्षिण तीरावरची चार-पाच गावे, त्यांच्या मागे डोंगराची एक धार, आणि गादीवर म्हातारे खानसाहेब. समोरचा उत्तर तीर खालसा, म्हणजे इंग्रजांचा. खालशातला माणूस आमच्या तीरावर उतरला की थोडा तोऱ्यात चालायचा, आणि आमचा माणूस तिकडे गेला की खांदे पाडून. बाकी दोन्हीकडची माती सारखीच होती आणि माडही सारखेच वाकलेले.

नुरुद्दीन मिसरूड फुटण्याआधी गलबतावर चढला होता आणि पुढे मालम झाला. गलबताची दिशा सांभाळणारा तो मालम. मंगळुरी कौले आणि नारळ घेऊन बसऱ्याला जायचे, खजूर घेऊन परतायचे. बंदरात माल उतरवण्याआधी तिथल्या अंमलदाराशी बोलायचे कामही त्याच्याकडेच असे. त्यामुळे त्याला अरबी येत होती, गुजराती येत होती, आणि त्याची इंग्रजी शिव्यांपासून सुरू होऊन हळूहळू सभ्य झाली होती. एका वादळात दोर तुटून त्याच्या डाव्या हाताची पकड गेली. तेव्हापासून तो घरी होता. सुंभ वळायचा, माडांना पाणी द्यायचा, आणि कोळीवाड्यातले लोक विचारायला आले की कुठल्या वाऱ्यात जाळी टाकू नयेत ते सांगायचा. त्याने कुणाला कधी खोटी वाट सांगितली नाही. एवढीच त्याची कमाई होती, पण ती सगळ्या काठाला ठाऊक होती.

वकिली शिकवायला दरबाराचे जुने कारकून तात्या रोज सकाळी येऊ लागले. अंगणातल्या बाजेवर बसून ते त्याला साहेबाच्या भेटीचे रिवाज सांगत. जोडे कुठे काढायचे, आधी कुणाची तब्येत विचारायची, खुर्ची पुढे ओढायची नाही.

“आणि हे लक्षात ठेवा, नूरभाई. वकील बरोबर असला की बोलतो तो वकील. खुद्द दिवाण शेजारी बसला तरी तिथे त्याचं तोंड बंद. संस्थानला एकच जीभ.”

“मग दिवाणानं करायचं काय?”

“नजराण्याच्या ताटावरच्या माशा वारायच्या,” तात्या गंभीरपणे म्हणाले. मग त्यांनी मुख्य गोष्ट सांगितली. “बोलणं संपलं की साहेबाचा शिरस्तेदार, म्हणजे मुख्य कारकून, अत्तर-पान घेऊन येतो. तिथे चुकायचं नाही. झालेलं बोलणं कबूल असेल तरच पान उचलायचं. कबूल नसेल तर हात जोडायचे, म्हणायचं, ‘आमच्या सरकारांना विचारून येतो.’ पान ताटात राहू द्यायचं. त्यात अपमान नाही. पण एकदा उचललंत, की संस्थाननं मान्य केलं.”

हे नुरुद्दीनला नव्याने शिकावे लागले नाही. कोळीवाड्यात सोयरीक ठरली की विडा घेतात, जाळ्यांवरून भांडण मिटले की विडा घेतात, आणि विडा घेतल्यावर त्या गोष्टीवर पुन्हा तोंड उघडणाऱ्याला कुणी पंगतीला बसू देत नाहीत. बसऱ्याला व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबत, तिथेही तसेच होते. हात सुटला की शब्द पक्का.

वकील म्हणून त्याच्याकडे पहिलेच काम आले ते खुब्यांच्या वाळीचे.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक लांब पट्टा आहे, तीच वाळ. एरवी तो पाण्याखाली असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जितके वर चढते तितकेच खाली उतरते, आणि त्या ओहोटीला हा पट्टा आमच्या तीरापासून सलग उघडा पडतो. मग कोळीवाड्यातल्या बायका टोपल्या घेऊन त्याच्यावर खुबे, तिसऱ्या असले शिंपले गोळा करायला जातात. पट्ट्याच्या कडेला पुरुषांचे जाळ्यांचे खुंट रोवलेले असतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या की निम्मा कोळीवाडा त्या वाळीवर जगतो.

पट्ट्याच्या पलीकडच्या अंगाला मात्र पाणी खोल आहे. मुंबईच्या एका आगबोट कंपनीला तिथे धक्का बांधायचा होता. कंपनीने साहेबाकडे जागा मागितली. साहेब म्हणाला, खारोंड्याची हद्द ओहोटीच्या पाण्यापर्यंत; आणि रोजच्या ओहोटीला, म्हणजे अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाणी फारसे उतरत नाही तेव्हा, ही वाळ पाण्याखाली असते; तेव्हा ती खालशाची.

सगळा वाद एका शब्दाचा होता. ओहोटी म्हणजे कोणती? भांगाची की उधाणाची?

पहिल्या भेटीला नुरुद्दीन उत्तर तीरावरच्या डाकबंगल्यात गेला. वकिलीचा लाल पट्टा बांधून, शेरवानीची गळपट्टी सारखी सैल करत. साहेब तरुण होता, उन्हाने नाक सोललेले. त्याने नकाशावर बोट ठेवून पाण्याची रेघ दाखवली.

“साहेब,” नुरुद्दीन म्हणाला, “नकाशा काढणारा भांगाच्या दिवशी आला असेल. आपण उधाणाला या. आमच्या तीरावरून वाळीपर्यंत चालून दाखवतो. आपले बूट भिजले तर वाळ आपली.”

साहेबाला ही गंमत आवडली. पान आले तेव्हा नुरुद्दीनने हात जोडले आणि ते ताटातच ठेवले. शिरस्तेदाराने भुवई उचलली. साहेबाने नुसती मान हलवली.

अमावास्येच्या सकाळी साहेब खरोखरच आला. नामा कोळ्याने त्याला आपल्या होडीतून दक्षिण तीरावर उतरवले. सगळा कोळीवाडा बांधावर जमला होता. साहेब पुढे, नुरुद्दीन एक पाऊल मागे, असे दोघे ओल्या वाळूवरून निघाले. वाळू पायाखाली घट्ट होती, लाटांच्या वळ्या पडलेली, आणि खेकड्यांच्या बिळांतून लहान लहान बुडबुडे येत होते. वाळीच्या मध्यावर नामाची बायको नीराबाई वाकून खुबे उकरत होती. ती कंबर धरून उभी राहिली.

“साहेबाला सांग, वकीलभाई,” ती म्हणाली, “दुसऱ्याच्या घरात येतास तं वर्दी देऊन येवं.”

“काय म्हणते ती?” साहेबाने विचारले.

“म्हणते, आपलं तिच्या घरी स्वागत आहे.”

नीराबाईला इंग्रजी येत नव्हती, पण साहेबाने हसून टोपीला हात लावला त्यावरून तिला कळले की बोलणे वाटेत कुठेतरी मऊ झाले. “भामटा हायस रं,” ती नुरुद्दीनला म्हणाली, आणि बायका खदखदून हसल्या.

साहेबाने पाय उचलून बुटाचा तळ पाहिला. वाळू चिकटली होती; चामडे कोरडे होते. “वकील,” तो म्हणाला, “तुम्ही मला माझ्याच दाव्यातून चालत बाहेर काढलंत.”

संध्याकाळी नीराबाई टोपलीभर खुबे घेऊन कुलसुमच्या दारात आली. पाठोपाठ नामा, आणि मग निम्मा कोळीवाडा. नामाने सरळ विचारले, “आता वाळ आपलीच ना? खरं सांग. तू म्हनलास तं मानू.”

इथे नुरुद्दीनने जे केले ते कुठल्याही वकिलाने करू नये. त्याने शब्द दिला. “माझ्या हातून तुमची वाळ जाणार नाही,” तो म्हणाला. तात्या बाजेवरच होते. ते नुसते खाकरले.

*

दुसरी भेट अष्टमीला ठरली. अष्टमी म्हणजे भांग. खिडकीतून खाडी दिसत होती, भर ओहोटीतही पाणी एकसारखे पसरलेले, वाळीची खूणसुद्धा नाही. या खेपेला हमीद बरोबर होता. खानसाहेबांचा नजराणा घेऊन आलो आहे, असे तो म्हणाला, आणि रिवाजाप्रमाणे ताटाजवळ गप्प बसला.

साहेब आज निराळा होता. त्याने बुटांची गोष्ट काढली नाही. तो म्हणाला, “वरिष्ठांचं मत असं पडलं, की रोजची ओहोटी हीच ओहोटी. महिन्यातून दोनदा उघडी पडते ती जमीन, ती जमीन नव्हे.”

“साहेब, आपल्या कचेरीत पगार महिन्यातून एकदाच होतो,” नुरुद्दीन म्हणाला. “म्हणून तो पगार नव्हे का?”

शिरस्तेदाराने ओठ चावून हसू आवरले. साहेबही हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेले नाही. नुरुद्दीन बोलत राहिला. वाळीवरचे खुंट किती पिढ्यांचे आहेत, कोणत्या खानाच्या वेळी कोणत्या कोळ्याला तिथला हक्क दिला, सगळे त्याने सांगितले. साहेब ऐकत होता आणि मधूनमधून हमीदकडे पाहत होता. ते नुरुद्दीनने पाहिले. त्याला वाटले, दिवाण म्हणून पाहत असेल.

“तुम्ही चांगले बोलता,” साहेब शेवटी म्हणाला. “तुमचं सगळं म्हणणं मी ऐकलं. खारोंडे सरकार समजूतदार आहे, असंच मी कळवीन.” आणि त्याने मान हलवली. शिरस्तेदार चांदीचे ताट घेऊन पुढे आला.

नुरुद्दीनने हात जोडण्यासाठी उचलले. त्याच क्षणी हमीद नजराण्याचे ताट सावरण्याच्या निमित्ताने वाकला. त्याचे तोंड नुरुद्दीनच्या कानाशी आले.

“घ्या, दुल्हेभाई. आतून आपल्या बाजूनं ठरलंय. हा वरवर बोलतोय, त्याला तोंड राखायचंय. खानसाहेबांचा हुकूम आहे. घ्या.”

नुरुद्दीनने त्याच्याकडे पाहिले. हा चेहरा तो लहानपणापासून ओळखत होता. मदरशात मार चुकवण्यासाठी दोघे एकमेकांच्या नावाची हजेरी देत. कुलसुमच्या निकाहात याच चेहऱ्याला रडू आवरले नव्हते. समुद्रावर असताना नुरुद्दीन ढगावर कधी विश्वास ठेवत नसे. माणसांच्या बाबतीत त्याला ती सवय लागली नव्हती.

त्याने पान उचलले आणि तोंडात घातले. त्यात लवंग होती. साहेब खुर्चीतून उठला, त्याचा उजवा हात हातात घेऊन जोरात हलवला, आणि म्हणाला, “आभारी आहे. मिटलं म्हणायचं.”

परतीच्या होडीत नुरुद्दीनने विचारले, “कसं ठरलं आतून? धक्का कुठे नेणार?”

हमीद पाण्यात बोटे बुडवून बसला होता. “उद्या दरबारात,” तो म्हणाला.

वल्हे मारणाऱ्या नामाने नुरुद्दीनच्या लाल झालेल्या ओठांकडे पाहिले. त्याचा चेहरा उजळला. पान घेतले म्हणजे काम फत्ते झाले, असेच त्याला वाटले. तीरावर उतरताच तो ओरडत कोळीवाड्याकडे पळाला.

*

दरबार भरला तेव्हा खानसाहेबांनी नुरुद्दीनकडे पाहिले नाही. ते गुडघ्यावरच्या शालीची दशी ओढत होते. हमीद उभा राहिला आणि म्हणाला, “सरकार, वाळ खालशाची ठरली. वकिलांनी पान घेतलं. आता संस्थान तोंड कसं फिरवणार?”

नुरुद्दीनला आधी शब्द नीट कळलेच नाहीत. मग तो पुढे झाला. “हमीद, तू मला घे म्हणालास. सरकारांचा हुकूम आहे म्हणालास.”

“मी?” हमीदचा आवाज शांत होता. “तिथे दिवाणाला बोलायची मुभा नसते, वकीलसाहेब. तुम्हालाही माहीत आहे. मी नजराण्याच्या ताटाजवळ होतो.”

“सरकार,” नुरुद्दीन खानसाहेबांना म्हणाला, “आपण हुकूम दिला होता का? एवढंच सांगा.”

खानसाहेबांनी दशी सोडली. “नवे आहात,” ते म्हणाले. “नव्या माणसाकडून चूक होते. आम्ही रागावलेलो नाही.” आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर शाल घालायला सांगितले. वकिली कायम. संस्थानने त्याला शिक्षा केली असती तर निदान काठावर कुणी म्हणाले असते, बिचारा. शाल दिली, म्हणून ते दारही बंद झाले.

दरबाराच्या पायऱ्यांवर त्याने हमीदला गाठले. दुपारचे ऊन होते, आजूबाजूला कुणी नव्हते.

“का?” तो म्हणाला.

हमीदने आता काही लपवले नाही, आणि हेच नुरुद्दीनला सर्वांत जास्त लागले. “खानसाहेबांना मूल नाही. साहेबानं पुतण्याला वारस मानलं नसतं तर उद्या खारोंडेच राहिलं नसतं. सगळंच खालसा झालं असतं. साहेबाला वाळ हवी होती, आपल्याला गादी. मी गादी घेतली. तुमच्या जागी कुणी शहाणा असता तर त्यानंही तेच केलं असतं.”

“मग खानसाहेबांनी तसं सांगून द्यायची होती वाळ.”

“आणि कोळीवाडा? त्यांनी दरवाजे फोडले असते. संस्थाननं वाळ विकली असं कुणी म्हणायला नको होतं. चुकून गेली असंच व्हायला हवं होतं.” हमीद थोडा थांबला. “तुमच्यावर लोकांचा विश्वास होता. म्हणून तर तुम्हाला वकील केलं.”

नुरुद्दीन पायरीवर बसला. मग त्याला एक एक आठवू लागले. अंगणातले हसणे. तात्यांचे धडे. अष्टमीची तारीख. साहेबाची नजर. कौलातून गळणारे पाणी आधी कुठल्या भेगेतून आले ते शोधावे, तसा तो मागे मागे जात राहिला, आणि प्रत्येक ठिकाणी हमीदच उभा होता.

कोळीवाड्यात तो त्याच संध्याकाळी गेला. जाळी सुकत घातली होती, त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत लोक बसले होते. बातमी त्याच्या आधी पोचली होती. त्याने जे घडले ते जसेच्या तसे सांगितले. कानाशी काय कुजबुज झाली, पायऱ्यांवर हमीद काय म्हणाला, सगळे.

नीराबाई तिसऱ्यांची टरफले एका बाजूला सारत होती. ती न थांबता म्हणाली, “पान तुज्या तोंडात कुनी घातलं? दिवानानं?”

“नाही. हात माझा होता.”

“मंग झालं तर.”

“दिवान तुजा मेव्हना,” नामा म्हणाला. “तुमी दोगं एका ताटात जेवता. आता एक दुसऱ्यावर ढकलतोय. आमी काय समजावं?”

“मला फसवलं, नामा.”

“व्हय. आनि आमाला?”

नुरुद्दीन उठला तेव्हा कुणी उठले नाही. त्यानंतर वाऱ्याची चौकशी करायला त्याच्या अंगणात कुणी आले नाही. वाटेवर पोरे त्याला ‘पानवाला’ म्हणू लागली, आणि त्यांच्या आया त्यांना गप्प करत नव्हत्या.

घरात कुलसुम आधी भावाच्याच बाजूने होती. हमीद असे करणार नाही, तुम्ही ऐकण्यात चुकलात, असे ती म्हणायची. ईदला हमीद शिरखुर्मा खायला आला. कुलसुमने वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि नवऱ्यादेखत विचारले, “तू त्यांना ‘घ्या’ म्हणालास का?”

“आपा, राज्याच्या गोष्टी घरात नकोत,” हमीद म्हणाला आणि चमचा उचलला.

तो गेल्यावर वाटी उचलत कुलसुम म्हणाली, “नाही म्हणाला नाही.” पुढच्या ईदला तिने भावाला बोलावले नाही. आखाताच्या कितीतरी फेऱ्यांत नुरुद्दीनने तिच्यासाठी काही ना काही आणले होते. आता त्याने तिच्याकडून तिचा एकुलता एक भाऊ घेतला, असे त्याला वाटत राहिले. ती हे कधी बोलली नाही. म्हणून ते घरात जास्तच राहिले.

लाल पट्टा त्याने तात्यांकडे परत पाठवला. तात्यांनी तो हातात घेऊन परत आणला. “राजीनामा घेत नाहीत,” ते खाली मान घालून म्हणाले. “म्हणतात, गरज काय?” मग पट्ट्याची घडी घालत, “मी त्या दिवशी नुसता खाकरलो, नूरभाई. बोलायला हवं होतं.”

“काय बोलला असता?”

तात्या पट्टा बाजेवर ठेवून निघून गेले.

*

वाळीवर लोखंडी खांब उभे राहिले. जाळ्यांचे खुंट उपटून किनाऱ्यावर रचून ठेवले होते. काहींनी ते सरपणाला नेले. वाळीवर कंपनीने एक पठाण पहारेकरी बसवला. उधाणाला बायका टोपल्या घेऊन गेल्या की तो दांडके आपटत धावून येई. पहिल्या पावसाळ्यात कोळीवाड्यातली काही घरे मुंबईला गेली. दुसऱ्या पावसाळ्यात आणखी.

पुढच्या वर्षी खालशाच्या काठावर लोक उघडपणे समुद्राचे पाणी उकळून मीठ करू लागले होते. पोलीस मडकी फोडत, लोक नवी मांडत. ते पाहून कोळीवाड्यालाही वाटले, आपण सरळ साहेबाकडे जावे. संस्थानला मध्ये घेऊच नये. पण साहेब जुनाच होता, गेल्या खेपेला पानाचे ताट पुढे करणाऱ्या शिरस्तेदाराला दुभाषी करायला कुणी तयार नव्हते, आणि साहेबाची भाषा आपल्या तीरावर एकालाच येत होती.

नामा अंगणात आला. बसला नाही.

“तुज्यावर इस्वास न्हाय,” तो म्हणाला. “लपवून काय करू? पन साहेबाची बोली तुलाच येतं. आमी बोलू. तू तिकडचं हिकडं अन हिकडचं तिकडं कर. मदी तुजं कायबी घालू नको. त्या येळेला नीरीनं काय सांगितलं आनि तू काय सांगितलास, ते आता समद्यांना ठावं हाय.”

“वर्दी देऊन येवं,” नुरुद्दीन म्हणाला.

“व्हय. तेवढंच जरी साहेबाला खरं सांगितलं असतंस.”

नुरुद्दीन उठला. कुलसुमने शेरवानी काढून दिली. त्याने ती घेतली नाही. अंगातल्या सदऱ्यावरच तो निघाला.

डाकबंगल्याच्या व्हरांड्यात साहेब मिठाच्या त्रासाने वैतागलेला होता. एवढी माणसे बघून त्याने आधी शिपाई बोलावले. मग नुरुद्दीनला ओळखले. “वकील! तुम्ही यांच्याबरोबर?”

“मी बोलायला नाही आलो, साहेब. हे बोलतील. मी सांगेन.”

“पण आमच्या यादीत तुम्ही अजून खारोंड्याचे वकील आहात. तुमच्याच सरकारच्या विरुद्ध तुम्ही उभे राहू शकत नाही.”

“उभा नाही. नुसता सांगतोय.”

साहेबाने खांदे उडवले. नीराबाई पुढे आली. ती पदर खोचून बोलली, वाळीवर तिच्या सासूच्या सासूने खुबे काढले होते, खुंट उपटले त्या दिवशी घरात चूल पेटली नाही, वाळ परत द्या. नुरुद्दीनने प्रत्येक वाक्य इंग्रजीत केले. कुठे मऊ केले नाही. ती म्हणाली, “चोरावानी घेतलीस,” तेही त्याने तसेच सांगितले. साहेबाचे नाक लाल झाले.

मग साहेब बोलला. नुरुद्दीनने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“काय म्हनतो?” नामाने विचारले.

“म्हणतो, या गोष्टीत खारोंड्याचं बोलणं कधीच झालेलं आहे. संस्थाननं ते मान्य केलेलं आहे. आता संस्थानची माणसं वेगळं बोलू शकत नाहीत.”

“मान्य कुनी केलं?”

नुरुद्दीनने ते साहेबाला विचारले. साहेबाला हा प्रश्न चमत्कारिक वाटला. त्याने उत्तर दिले आणि बोटाने दाखवलेही.

“म्हणतो, वकिलानं,” नुरुद्दीन म्हणाला. “म्हणजे मी.”

नीराबाईने पदर सोडला, डोक्यावरून घेतला. “यवडं मातुर खरं सांगितलास,” ती म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली.

परतताना उधाणाची ओहोटी लागली होती. वाळ उघडी पडत होती, तिच्या पाठीवर मावळतीचा उजेड, आणि लोखंडी खांबांच्या लांब सावल्या. नुरुद्दीन होडीच्या टोकाला एकटा बसला होता. होडी वाळीच्या जवळून जाऊ लागली तशी पहारेकरी पुढे आला आणि हिंदुस्थानीत ओरडू लागला.

नामा मुंबईच्या गोदीत दोन हंगाम काम करून आलेला माणूस. त्याला हिंदुस्थानी माझ्यातुमच्यापेक्षा चांगली येत होती. होडीतल्या प्रत्येकाला ते शब्द कळले होते. तरी त्याने वल्हे थांबवले आणि मागे न बघता विचारले,

“काय म्हनतो तो, वकीलभाई?”

नुरुद्दीनने एकदा सगळ्यांच्या पाठींकडे पाहिले.

“म्हणतो, लांबून जा. ही जागा तुमची नाही.”

नामाने मान हलवली आणि होडी लांबून नेली.